शिक्षकांसाठीचे ताण-आघात प्रशिक्षण: एका ऊसतोड गावातून अभिप्राय

मुलांवरील ताण आणि मानसिक आघात यांचा शिकण्याशी असलेला संबंध समजावून देणारे एका स्वयंसेवी संस्थेचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मी गेल्या महिन्यात पूर्ण केले. बीड जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणारी आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावर, परतणारी मुले बरीच आहेत, त्यामुळे मी मोठ्या अपेक्षेने गेलो होतो. पहिल्या दिवसाने ती पूर्ण केली.

धोक्याची चाहूल घेणारा मेंदूतील अमिग्डाला सतत जागा राहिला, की लक्ष टिकवणे आणि विचार करून उत्तर देणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग मागे पडतो, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या कामातही अडथळा येतो, हे प्रशिक्षिकेने अतिशय सोप्या भाषेत उलगडले. ते ऐकताना माझ्या चौथीच्या वर्गातील एक मुलगी डोळ्यांसमोर आली. फडावरून परतल्यावर ती दिवसभर दप्तर पाठीवरून उतरवत नसे, दार वाजले की वही मिटत असे, आणि पूर्वी घडाघडा म्हटलेला सातचा पाढा चौदाच्या पुढे सरकत नसे. मी त्याला आळस समजून तिला सर्वांसमोर उभे केले होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मारहाणीबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते, हे मला पाठ होते. माझे वागणे त्यात मोडू शकते, हे मात्र त्या दिवशी कळले.

दुसरा दिवस निराशाजनक ठरला. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी संशोधकांच्या १९९८च्या अभ्यासातील बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची प्रश्नावली हाती देऊन प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण (जितक्या प्रकारचे प्रतिकूल अनुभव, तितके गुण) काढायला सांगण्यात आले. ती प्रौढांच्या मोठ्या समूहाचे चित्र पाहण्यासाठी योजलेली होती, आणि असे गुण एकेका व्यक्तीच्या तपासणीसाठी वापरू नयेत, असे खुद्द अँडा यांनीच २०२०मध्ये सहलेखकांसह बजावले आहे. पाच गुणांचे मूल, सात गुणांचे मूल अशी नवी चिठ्ठी आम्ही मुलांच्या कपाळी का चिकटवावी? पूर्णवेळ समुपदेशक आणि शांत कक्ष गृहीत धरून केलेल्या सूचनाही दोनशिक्षकी शाळेच्या उपयोगाच्या नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक तरी सांगायला हवा होता.

तरीही एक गोष्ट मी लगेच उचलली. दिवसाचा क्रम सकाळीच फळ्यावर लिहितो, तो बदलायचा झाल्यास आधी सांगतो, आणि उत्तर द्यायला कोणालाही अचानक उभे करत नाही. ती मुलगी दप्तर अजून मांडीवर घेऊन बसते, पण पाठीवरून ते उतरले आहे.

संस्थेला माझी विनंती आहे की, आमच्या भागात हे प्रशिक्षण फेब्रुवारीत घ्यावे, म्हणजे मुले फडावरून परतण्यापूर्वी शिक्षकांच्या हाती काही असेल.