एजन्सीमार्फत आयटी भरती: आठ महिन्यांनंतर, आणि ८५व्या दिवसाचा राजीनामा

२ जानेवारीला रुजू झालेल्या बॅकएंड डेव्हलपरने २७ मार्चला राजीनाम्याचा मेल टाकला. मोजून ८५वा दिवस. करारात ९० दिवसांची रिप्लेसमेंट गॅरंटी होती (तेवढ्यात माणूस गेला तर एजन्सीने बदली द्यायचा), म्हणून एजन्सीला लगेच कळवलं. उत्तर आलं की प्रोबेशनमधली ३० दिवसांची नोटीस धरता शेवटचा दिवस २६ एप्रिल, म्हणजे ११५वा; गॅरंटी संपली. कलमात शब्द होते ‘उमेदवाराने नोकरी सोडल्यास’. सोडल्याची तारीख राजीनाम्याची धरायची की रिलीव्हिंगची, म्हणजे कामाच्या शेवटच्या दिवसाची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुण्यातल्या छोट्या कंपन्यांनी सही करण्याआधी हे एक कलम तरी बोट ठेवून वाचावं. नोटीस ३० दिवसांची असेल तर ९० दिवसांची गॅरंटी प्रत्यक्षात ६० दिवसांचीच उरते. नोटीस ६० दिवसांची असेल तर फक्त ३०. नवा माणूस कोडबेसमध्ये रुळायलाच दोन महिने लागतात. त्याची खरी पारख होईपर्यंत गॅरंटी हातची गेलेली असते. म्हणून शब्द असे हवेत: ‘रुजू झाल्यापासून ९० दिवसांच्या आत राजीनामा दिल्यास किंवा कंपनीने काढल्यास’. तिथेच पुढे लिहून घ्या की बदली उमेदवार ४५ दिवसांत ऑफर स्वीकारेल, नाहीतर फी परत. आणि त्या बदली माणसालाही स्वतःचे ९० दिवस मिळतील. बहुतेक छापील मसुद्यांत यातलं शेवटचं नसतंच.

आणखी एक खाच आहे. ‘बिल मुदतीत न भरल्यास गॅरंटी रद्द’ अशी ओळ असते आणि मुदत १५ दिवसांची. अकाउंट्सवाले पीओ (खरेदी आदेश) नंबरसाठी बिल अडवून ठेवतात आणि मुदत उलटते. पीओ जॉइनिंगच्या आधीच काढून ठेवा.

पैशाचं बोलायचं तर १८ लाख सीटीसीवर (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण पगार) ८.३३ टक्के म्हणजे महिन्याच्या पगाराइतकी, दीड लाख फी. वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,७७,०००. सीटीसीत २ लाख व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) आणि १ लाख जॉइनिंग बोनस असेल, तर फी फक्त फिक्स्ड पगारावर ठरवून घेतल्याने जवळजवळ २५ हजार वाचतात. हे मागितलं की मिळतं. न मागता कुणी देत नाही. फीचा परतावा मात्र लांबू देऊ नका. ३१ मार्चपर्यंतच्या बिलाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरनंतर निघाली तर एजन्सीला तिचा जीएसटी कमी करता येत नाही, आणि मग जीएसटीच्या त्या २७ हजारांवरून वाद सुरू होतो.

पहिले चार महिने मत असं होतं की ८.३३ वर अडून बसायचं. ते मत आता बदललं आहे. एकाच रिक्रूटरच्या हातात पाच-सहा क्लायंट असतात. चांगला सीव्ही आधी १२ टक्के देणाऱ्याकडे जातो. कमी टक्क्यांत मिळतात ते जॉब पोर्टलवरून जेडीतले (कामाच्या वर्णनातले) शब्द जुळवून उचललेले सीव्ही, आणि तेवढं काम आपल्या एचआरला स्वतःही करता येतं. डेव्हऑप्स, डेटा इंजिनिअर अशा अवघड जागांना १२ टक्के द्यावेत, पण बिलंच दोन घ्यावीत: अर्धं जॉइनिंगला, अर्धं ९१व्या दिवशी. एजन्सीची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची असेल तर लेखी करार असूनही पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, म्हणून एकच बिल घेऊन अर्धे पैसे रोखून ठेवण्याचा मार्ग चालत नाही. फ्रेशर आणि मॅन्युअल टेस्टिंगसाठी एजन्सी नकोच. ऑफिसमधल्यांना रेफरल बोनस द्या, निम्म्या खर्चात काम होतं.

एका एजन्सीने मात्र खरोखर सुखद धक्का दिला. उमेदवाराचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि ऑफर घेऊनही उमेदवार मागे फिरतात ते याच काळात. त्यांच्या रिक्रूटरने ऑफरनंतर तिसऱ्याच दिवशी जुन्या कंपनीने राजीनामा स्वीकारल्याचा मेल मागवून घेतला आणि दर आठवड्याला फोन केला. सहाव्या आठवड्यात ‘बायआउट होईल का’ (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येईल का) असं उमेदवाराने स्वतःहून विचारलं, तेव्हा तो येणार हे पक्कं झालं. जो उमेदवार हा स्वीकृतीचा मेलच पाठवत नाही, त्याच्या हातात बहुतेक वेळा दुसरी ऑफर असते. त्याच दिवशी दुसरा उमेदवार बघायला घ्या.

कॉन्ट्रॅक्टवरच्या, म्हणजे एजन्सीच्या पगारावर आपल्याकडे काम करणाऱ्या लोकांसाठी ठोक मासिक दर कधीच मान्य करू नका. सव्वा लाखाचं बिल जातं आणि माणसाच्या हातात किती पडतं ते कळत नाही. दहा हजार जास्त मिळाले की तो निघतो. पगार अधिक ठरावीक मार्जिन अशी फोड बिलावर हवी, सोबत दर महिन्याचं पीएफ चलन. एजन्सीने पीएफ बुडवला तर जबाबदारी आपल्यावर येते.

इंटरव्ह्यूला एक माणूस आणि रुजू व्हायला दुसरा, हा प्रकारही होतो. व्हिडिओ राउंडमधला फोटो जपून ठेवा, पहिल्या दिवशी आधार कार्डाशी ताडून बघा, आणि यूएएनची (पीएफ खाते क्रमांकाची) सर्व्हिस हिस्टरी मागा; खोटा अनुभव तिथे लगेच उघडा पडतो.

नव्या करारात ‘राजीनामा दिल्यास’ हे दोन शब्द घालून मसुदा तिन्ही एजन्सींना पाठवला. दोघींनी सही केली. ८५व्या दिवसावरून भांडलेल्या एजन्सीने ते शब्द खोडून मसुदा परत पाठवला. तिला पुढची एकही जागा दिलेली नाही.