नऊ महिने, चार वेळा बदललेली पट्टी: कार्बन फायबरच्या खोगिराचा अनुभव

हा अनुभव पहिल्या महिन्यात लिहिला असता तर मी पाच चांदण्या दिल्या असत्या. पाचव्या महिन्यात लिहिला असता तर एक, तीही कातड्याच्या शिलाईसाठी. आता नऊ महिने झालेत आणि डोकं थोडं शांत आहे, म्हणून आत्ता लिहितेय.

कंपनीचं नाव देत नाही. अशी खोगिरं आता बरेच जण बनवतात, आणि मला जे सांगायचंय त्याचा नावाशी फार संबंध नाही. मी हौशी स्वार आहे. आठवड्यातून पाच दिवस बसते, ड्रेसाज (ठरावीक हालचाली नेमकेपणाने करवून घेण्याची स्वारी) शिकते. घोडी अकरा वर्षांची, तिचं नाव सावळी. विदर्स (मानेच्या मुळाशी खांद्यांमधला उंचवटा) उंच, पाठ मध्यम, स्वभाव मानी.

आधीचं खोगीर जुन्या पद्धतीचं होतं: बीचच्या लाकडाचा ट्री, म्हणजे खोगिराचा आतला सांगाडा, त्याला स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या, पॅनेलमध्ये, म्हणजे पाठीवर टेकणाऱ्या खालच्या गादीत, लोकर. कारागिरी उत्तम, वजन साडेआठ किलो. पण सावळीच्या विदर्समागे दोन्ही बाजूंना मूठ मावेल असे खळगे पडले होते आणि उजव्या खळग्याच्या कडेला पांढऱ्या केसांचा ठिपका उगवला होता. जिथे दाबाने कातडीला इजा होते तिथले केस पुढे पांढरेच येतात, हे मला माहीत होतं. तरी मी काय केलं, तर खाली जाड गादी घातली. मग तिच्यावर आणखी एक. खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी भरण्यासाठी वापरतो. मी ती अक्षरशः करत होते. ट्री आधीच अरुंद, त्यात मी जाडी वाढवून तो आणखी अरुंद करत होते.

नवीन खोगिराचा ट्री पुढच्या कमानीला कार्बन फायबरचा आहे आणि मागे किंचित लवणाऱ्या पॉलिमरचा. कमानीतली पट्टी बदलता येते, म्हणजे रुंदी बदलता येते. पॅनेलमध्ये लोकरीच्या पातळ थराखाली हवेच्या चार पिशव्या आहेत, प्रत्येक बाजूला पुढे एक आणि मागे एक. त्या वेगवेगळ्या भरता येतात, आणि भरायच्या त्या तंग (पोटाखालचा पट्टा) आवळून, स्वार वर बसलेला असताना. तंगाला अडकवायचा एक छोटा सेन्सरही सोबत आला. एकूण वजन साडेपाच किलो. वजन कमी झाल्याचं कौतुक मला स्वतःला खोगीर उचलताना जास्त वाटलं. घोडीच्या दृष्टीने तीन किलोंचा फरक आहेच, पण तेच वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं की पूर्ण पॅनेलभर पसरतं, हा फरक त्याहून कितीतरी मोठा.

ते पहिल्या दिवशीच दिसलं. खोगीर घोड्याला नीट बसवून देणाऱ्या फिटरने दाब मोजणारी सेन्सरची चादर आणली होती. जुन्या खोगिराखाली पडद्यावर चार लाल डाग उमटले, दोन विदर्सच्या बाजूंना आणि दोन मागे. मधला भाग जवळजवळ निळा. खोगीर पुलासारखं दोन टोकांवर टेकलं होतं. आणि हे चालीत होतं. ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीत, पाठीवर क्षणाक्षणाला येणारं बळ स्वाराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतं. संशोधनात पाठीच्या दुखण्याशी जोडलेली मर्यादा साधारण सरासरी ११ आणि कमाल ३० किलोपास्कल अशी सांगतात. आमचे लाल डाग त्यापुढे होते. नवीन खोगिराखाली रंग सगळीकडे जवळपास सारखा आला. मी तेवढ्यावरच खूश झाले.

आता चालीबद्दल, कारण जाहिराती सगळ्या त्याच्याच. घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेलेच नसतात. दोन खांद्यांच्या मधे छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. पाय पुढे टाकला की खांद्याच्या फऱ्याचं वरचं टोक मागे सरकतं, म्हणजे नेमकं ट्रीच्या टोकाच्या दिशेने. खोगीर दोन बोटं जरी पुढे ठेवलं तरी प्रत्येक पावलाला फरा त्यावर आपटतो, आणि शहाणी घोडी आपटणं टाळायला पाऊलच आखूड टाकते. नवीन खोगिराची टोकं मागे वळवलेली आहेत आणि पॅनेल पुढून कापून घेतलंय. मात्र ही सगळी करामत खोगीर योग्य जागी ठेवलं तरच उपयोगाची. मी वर्षानुवर्षं ते पुढे ठेवत होते, हे कळल्यावर थोडी लाज वाटली.

जाहिरातींतल्या टक्केवाऱ्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून मैदानाच्या लांब बाजूवर ४० मीटरच्या खुणा केल्या आणि ट्रॉटचे व्हिडिओ काढून पावलं मोजली. जुन्या खोगिरावर १६ स्ट्राइड (चारही पायांचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे एक स्ट्राइड), तीन महिन्यांनी १५. एवढंच. आणि त्यातलंही किती खोगिराचं, किती त्या काळातल्या सरावाचं, हे मी सांगू शकत नाही. पण तंग आवळताना हवेत चावा घेणं दुसऱ्याच आठवड्यात थांबलं, त्याचं श्रेय मी निःशंक देते. थोडं खोगिराला, थोडं सोबत घेतलेल्या कोपरामागे खोल वळवलेल्या तंगाला. तंगाचा सर्वांत जास्त दाब छातीच्या हाडावर नव्हे तर कोपरांच्या मागे येतो, हे दाब मोजल्यावर दिसलेलं आहे. तंग हा विषय आपण फारच हलक्यात घेतो.

बसायला कसं? पहिले तीन आठवडे वाईट. हवेवर बसल्यासारखं, होडीत बसल्यासारखं. घोडीच्या पाठीची हालचाल पोचते, पण थोडी उशिरा. फिटरने पिशव्यांतली हवा कमी केल्यावर बरंच सुधारलं. नवशिके सगळे ती जास्तच भरतात म्हणे. मधला भाग माझ्या मांड्यांना अजूनही रुंद वाटतो आणि तासाभरानंतर खुबे बोलायला लागतात. घोड्यासाठी केलेली रचना स्वाराला सोसेलच असं नाही, हे विकत घेण्याआधी अर्धा तास बसून बघा.

तिसऱ्या महिन्यात खळगे भरायला लागले. लवचीक पट्टीने दर महिन्याला मी विदर्समागचा आकार कागदावर उतरवून ठेवते, त्यात ते स्पष्ट दिसत होतं. मी अतिउत्साहात स्वतःच कमानीतली पट्टी बदलली आणि दोन मापं रुंद लावली. मनात हिशोब असा की सैल तर सैल, घट्ट तर नाही ना. सैल चपलेने पाय सोलून घेतलेल्या माणसाने असा हिशोब करू नये. रुंद ट्री पुढून खाली बसतो आणि विदर्सवर टेकतो. अरुंद ट्री पुढून वर राहतो आणि वजन मागे ढकलतो. दोन्हीत पाठीची हालचाल बिघडते. दहा दिवसांत सावळीचे कान तंग दिसताच मागे जायला लागले. फिटरने चौथ्या महिन्यात येऊन एक माप कमी केलं, माझ्याकडे पाहून काही बोलला नाही, तेवढं पुरलं.

आणि मग खोगीर डावीकडे सरकायला लागलं.

आधी थोडं, मग इतकं की वीस मिनिटांत मला रिकिबीवर जोर देऊन ते मधे आणावं लागे. मला वाटलं मी डावीकडे कलते. मग वाटलं मी जमिनीवरून चढते म्हणून. ते सोडलं, चौथऱ्यावरून चढायला लागले. ती सवय लागली हे बरंच झालं, कारण जमिनीवरून चढताना विदर्सच्या उजव्या बाजूवर फार दाब येतो. पण सरकणं तसंच. मग पाचव्या महिन्यात सापडलं: डावीकडच्या मागच्या पिशवीच्या व्हॉल्व्हमधून हवा गळत होती. डावी बाजू रिकामी, म्हणून खोगीर डावीकडे. किती सरळ! एका चांदणीचा संतप्त मजकूर मी त्याच रात्री लिहून ठेवला होता. व्हॉल्व्हचं रबर बदललं, चारही पिशव्या पुन्हा मोजून भरल्या, रात्रभर ठेवून तपासल्या. हवा टिकली. खोगीर सरकतच राहिलं.

घोडं कुठे पेंड खातंय ते दाखवलं नालबंदाने. जुने नाल काढून त्याने माझ्या हातात दिले. "ताई, मागच्या डाव्याचा बघा. टोकाला केवढा झिजलाय. ही पाय ओढतेय." उजव्याचा नाल सारखा झिजलेला, डाव्याचं टोक पातळ पात्यासारखं.

तेव्हा मला आधीच्या दोन गोष्टी आठवल्या, ज्या मी सोयीस्करपणे बाजूला ठेवल्या होत्या. एक, सावळी उजव्या कँटरला (ट्रॉटहून वेगवान चाल, पुढचा उजवा पाय आघाडीवर ठेवून) आधीपासून कुरकुर करायची. उजव्या कँटरची सुरुवात मागच्या डाव्या पायाने होते. मी ते खांद्यावर, म्हणजे जुन्या खोगिरावर ढकललं होतं. नवीन खोगिराने बाकी सगळं सुधारलं, ही कुरकुर तेवढी राहिली. दुसरी गोष्ट, घोड्यांच्या लंगडण्यावर संशोधन करणाऱ्या पशुवैद्य स्यू डायसन यांची २४ वर्तनांची यादी. स्वार वर असताना घोडा काय काय करतो ते त्यात मोजायचं: कान पाच सेकंद किंवा जास्त मागे, शेपटीचे फटकारे, तोंड उघडं ठेवणं असं बरंच. आठ किंवा जास्त वर्तनं दिसली तर शरीरात कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. जुन्या खोगिरावरच्या व्हिडिओत मी ११ मोजली होती, नवीनवर दोन महिन्यांनी ८. मी "११ वरून ८" असं वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आठ म्हणजे अजून उंबरठ्यावरच, हे मी वाचलंच नाही.

पशुवैद्यांनी सरळ रेषेत, गोलात आणि स्वारासह ट्रॉट पाहिला. मागचा डावा किंचित लंगडत होता. मग टप्प्याटप्प्याने पायात भूल दिली. हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या, घोट्यासारख्या सांध्याच्या) खालच्या सांध्यात दिल्यावर सावळी नीट चालायला लागली, आणि ज्या खोगिराला मी महिनाभर शिव्या घातल्या ते त्याच तंगावर, त्याच हवेवर, मधोमध बसून राहिलं. मी खाली बघून बघून खात्री करत होते. लाइन ग्रेव्ह आणि डायसन यांच्या २०१३ च्या अभ्यासात हेच नोंदवलंय: मागच्या पायाने लंगडणाऱ्या ७१ पैकी ३८ घोड्यांचं खोगीर एका बाजूला सरकत होतं, बहुतेकांचं दुखऱ्या पायाच्या बाजूला, आणि भूल दिल्यावर त्या ३८ पैकी ३७ जणांचं सरकणं थांबलं. मी हा अभ्यास आधी ऐकला होता. व्हॉल्व्ह गळका निघाला नसता तर कदाचित तो मला लवकर आठवला असता.

सांध्याची झीज निघाली. उपचार आणि सहा आठवडे फक्त हाताने फिरवणं. सातव्या महिन्यात परत बसले तेव्हा पाठ पुन्हा उतरली होती, म्हणून पहिल्या मापाची पट्टी लावली. आता नवव्यात परत दुसरी. जुन्या लाकडी ट्रीबरोबर या काळात मी एक तर तिला न बसणाऱ्या खोगिरावर बसले असते किंवा पुन्हा गाद्या कोंबल्या असत्या. मला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात ते इथे, कार्बन फायबरसाठी नाही. घोड्याची पाठ वर्षभरात बदलते, इतकंच नाही तर खोगीर नीट बसत असेल तर अर्ध्या तासाच्या कामानंतर ती तात्पुरती रुंदही होते. मी काम संपल्यावर लगेच लवचीक पट्टी लावून पाहिली: हल्ली काही मिलिमीटरचा फरक दिसतो. जुन्या खोगिराच्या काळातल्या कागदांवर तो नव्हता.

सेन्सरबद्दल थोडक्यात. अ‍ॅप रोज एक सममितीचा आकडा देतं आणि खाली हसरा चेहरा. ज्या आठवड्यात नालबंदाने नाल हातात दिला त्या आठवड्यात माझा आकडा ९१ होता आणि चेहरा हसराच होता. नंतर मागे जाऊन आलेख पाहिला तर चार महिन्यांत तो हळूहळू घसरलेला दिसतो. म्हणजे उपकरणाला कळत होतं, अ‍ॅपला सांगता आलं नाही. रोजचा आकडा बघू नका, महिन्याचा आलेख बघा. चार्जिंगची पिन दुसऱ्याच महिन्यात धुळीने भरते, टूथपिकने साफ होते.

घ्यावं का? घोडा वाढत्या वयाचा असेल, आजारातून उठत असेल, किंवा सराव ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असेल तर बदलत्या पट्टीचं खोगीर जरूर घ्या. कार्बन फायबर आहे की नाही हे त्यानंतर. पाठ स्थिर असलेल्या प्रौढ घोड्याला लोकर भरलेलं, नीट बसणारं साधं खोगीर पुरतं. जवळपास फिटर नसेल तर हवेच्या पॅनेलच्या वाटेला जाऊ नका. चावी तुमच्या हातात आहे म्हणून पट्टी स्वतः बदलू नका, मी दहा दिवस घोडीला त्याची शिक्षा दिली. आणि व्हॉल्व्हची दोन रबरं पहिल्याच दिवशी जादा मागवून ठेवा. ती सुटी मिळायला मला तीन आठवडे लागले.