पंख्याच्या छोट्या विमानाचा रिव्ह्यू: सीट नीट घ्या, बाकी फार टेन्शन नको

तिकिटावर एटीआर किंवा क्यू४०० असं दिसलं की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, अरे हे पंख्याचं विमान आहे, सेफ असतं ना? माझं ठरलेलं उत्तर, असतं, तू सीट कुठली घेतलीस ते सांग. कारण या विमानांत मस्त प्रवास आणि डोकं उठवणारा प्रवास यातला फरक बऱ्याचदा आठ-दहा रांगांचाच असतो, आणि बुकिंग करताना हे कुणी सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू एका कुठल्या कंपनीचा नाही, या जातीच्या सगळ्याच विमानांचा आहे.

आधी तो जुनाटपणाचा गैरसमज. बाहेर पंखा दिसतो म्हणून लोकांना वाटतं आजोबांच्या काळातलं काहीतरी आहे, पण आत इंजिन जेटसारखं टर्बाइनचंच असतं, फक्त त्याची ताकद प्रोपेलर फिरवायला वापरतात. एटीआर ७२ पहिल्यांदा उडालं १९८८ साली आणि त्याचं ७२-६०० मॉडेल आजही नवंकोरं कारखान्यातून बाहेर पडतंय, कारण कमी अंतराला जेटपेक्षा इंधन बरंच कमी लागतं आणि छोटी धावपट्टी चालते. स्पीड ताशी ५०० किमीच्या आसपास, क्यू४०० जरा तेज, साडेसहाशेच्या पुढे जातं. ३००-४०० किमीला जेटपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा, तेवढी तर बॅगेच्या पट्ट्याशी उभं राहण्यात जातात.

आता आवाज. इथे मार्क कापणार म्हणजे कापणार. सगळ्यात जास्त त्रास होतो तो पंख्याच्या बरोबर रेषेत बसलं की, कारण पंख्याच्या पात्यांची टोकं विमानाच्या अंगाच्या अगदी जवळून जातात आणि प्रत्येक पात्याचा दणका थेट त्या भिंतीवर बसतो. तो नुसता आवाज नसतो, पायाखाली, सीटच्या हातावर, खिडकीला डोकं टेकवलं तर दातांतसुद्धा थरथर जाणवते. एटीआरमध्ये पंखे पुढच्या भागात येतात, त्यामुळे पुढची सीट म्हणजे भारी सीट हा हिशोब इथे उलटा होतो. मागे बसा. मागे आवाज चांगलाच कमी, आणि बहुतेक एटीआरमध्ये माणसांचं दार मागेच असतं, पुढे सामानाचा कप्पा असतो, म्हणजे मागे बसणारा सगळ्यात आधी उतरतो. पुढची रांग पैसे मोजून घेणारा बिचारा शेवटी. क्यू४०० ला मात्र पुढच्या दाराने चढतात, तिथे हा फायदा नाही, पण त्यातला क्यू हा क्वाएटचा आहे आणि केबिनमधली थरथर मारायची एक इलेक्ट्रॉनिक सिस्टीम त्यात बसवलेली असते, तिचा फरक कळतो. शांत मात्र म्हणवत नाही. हेडफोन न्या.

अजून एक, कधी कधी आवाज लाटेसारखा येतो, वॉंव वॉंव वॉंव असा कमीजास्त. ते काही बिघडलेलं नसतं, दोन पंख्यांचा फिरण्याचा वेग अगदी एकसारखा जुळलेला नसला की असं होतं, जुळला की बंद. आणि टेकऑफनंतर थोड्या वेळाने इंजिनाचा सूर एकदम खाली येतो तेव्हा नवखे लोक सीटचे हात घट्ट धरतात. पायलटने वर चढताना पंख्याचा वेग मुद्दाम कमी केलेला असतो, बास. खाली उतरल्यावर उलट, चाकं टेकली की जोरात घुर्रर्र होतं, कारण पात्यांचा कोन बदलून त्याच पंख्यांनी ब्रेक मारतात. ब्रेक जबरदस्त लागतो, सीटबेल्ट सैल ठेवू नका.

खिडकीबाहेर बघायला मात्र मजा. एटीआर, क्यू४०० यांचे पंख छताला लागून वर असतात, त्यामुळे खाली बघायला काही आड येत नाही आणि हे उडतातही २५ हजार फुटांच्या आत, छोट्या पल्ल्याला त्याहून बरंच खाली, म्हणजे नद्या, रस्ते, शेतांचे तुकडे सगळं ओळखू येतं. क्यू४०० ची चाकं इंजिनाच्या पोटातून बाहेर येतात, योग्य खिडकी मिळाली तर ती उघडताना, जमिनीला टेकताना अगदी समोर दिसतात. पण खाली उडायचं म्हणजे ढगांतूनच जायचं, जेटसारखं त्यांच्या वर निघून जाता येत नाही, त्यामुळे उन्हाळी दुपारी किंवा पावसाळी हवेत धक्के बसणार. पोट नाजूक असेल तर सकाळची फ्लाइट घ्या, हवा शांत असते.

थंड ढगांत बर्फाचा विषय येतो. पंखाच्या पुढच्या कडेला काळी रबरी पट्टी दिसते ना, ती हवेने फुगते आणि साचलेला बर्फ फोडून टाकते, आणि पंख्याच्या पात्यांवरून उडालेला बर्फ कधी कधी ठक्कन विमानाच्या अंगावर आपटतो, तिथे त्यासाठी वेगळा जाड पत्रा असतो. दचकायला होतं, तेवढंच. पण बर्फ हा या विमानांसाठी खरोखर गंभीर प्रकार आहे, उगाच गोड बोलणार नाही. १९९४ साली अमेरिकेत रोझलॉनजवळ एक एटीआर ७२ बर्फामुळे ताबा सुटून कोसळलं आणि ६८ जण गेले, त्यानंतर त्या रबरी पट्ट्या वाढवल्या आणि पायलटांसाठीचे नियम कडक झाले. त्यामुळे हिवाळ्यात कंपनी म्हणाली की आज हवा नीट नाही, फ्लाइट कॅन्सल, तर काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका.

केबिन बॅगेबद्दल माझी खरी तक्रार आहे. जेटला चालणारी चाकांची बॅग इथे वरच्या कप्प्यात बऱ्याचदा जातच नाही, नव्या एटीआरमध्ये कप्पे मोठे झालेत पण जुन्यांत नाही, मग विमानाच्या शिडीपाशी बॅग काढून घेतात, टॅग लावतात आणि उतरल्यावर परत देतात. ठीक आहे, पण हे आधी सांगायला काय जातं? औषधं, लॅपटॉप, चार्जर एका छोट्या पिशवीत आधीच वेगळे ठेवा, नाहीतर शिडीखाली वाऱ्यात बॅग उघडून बसाल आणि मागे रांग तुमच्याकडे बघत असेल. एरोब्रिज बहुतेक मिळत नाही, चालत किंवा बसने जायचं, पाऊस असेल तर भिजायचं. शिडी अरुंद असते, गुडघे दुखणाऱ्यांनी मदत आधीच मागून ठेवावी. एटीआरला जमिनीवर असताना एसी चालवायला वेगळं छोटं इंजिन नसतं, उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालू ठेवतात, म्हणजे एक पंखा उभा आणि तरी आवाज, हे बघून घाबरू नका. ते चालू ठेवलं नसेल तर मात्र आत भट्टी.

पाय ठेवायची जागा साधारण जेटच्या इकॉनॉमीसारखीच, दोन-दोन सीटा, मधली सीट हा प्रकारच नाही. हे मला फार आवडतं. उंच माणसाला चढताना मान वाकवावी लागेल. टॉयलेट असतं पण त्यात वळणं ही कसरत आहे.

याहून छोटी, १९ सीटवाली, म्हणजे बीचक्राफ्ट १९००, ट्विन ऑटर, डॉर्निअर २२८, ही वेगळीच दुनिया. एअर होस्टेस नसते, बऱ्याच देशांत नियमच असा आहे की १९ सीटपर्यंत ती लागत नाही, सूचना पायलटच मान वळवून देतो. टॉयलेट बहुतेक नाही, आधी जाऊन या. बीचक्राफ्टमध्ये दोन्ही बाजूंना एकेकच सीट, प्रत्येकाला खिडकीही आणि वाटही. चेक-इनला तुमचं स्वतःचं वजन विचारतील किंवा काट्यावर उभं करतील, लाजू नका आणि कमी सांगू नका. २००३ मध्ये अमेरिकेत शार्लटला एक बीचक्राफ्ट १९०० टेकऑफलाच पडलं, आतले २१ ही जण गेले, शेपटीकडच्या एका केबलची चुकीची जुळणी आणि मागे जास्त झालेलं वजन अशी दोन्ही कारणं निघाली. आत बसल्यावर 'तुम्ही जरा पुढे बसा' म्हटलं तर हेच कारण, हुज्जत न घालता उठा.

ट्विन ऑटर आणि डॉर्निअरमध्ये केबिनचा हवेचा दाब राखायची सोय नसते, म्हणून ती बहुतेक १० हजार फुटांच्या आतच उडतात. सर्दी झालेली असेल तर उतरताना कान फार दुखतात, शक्य असेल तर तारीख पुढे ढकला, नाहीच जमलं तर उतरायला लागल्यापासून आवंढा गिळत राहा, झोपू नका.

आवाजाला दोन स्टार, खिडकीला पाच, बॅगेच्या भानगडीला दोन, वेळेला चार. तासाभराच्या प्रवासाला जेट आणि हे दोन्ही असेल तर मी हेच घेतो, मागची खिडकी मिळत असेल तरच.