उबर की लिफ्ट? मोठ्या फंडांची खरेदी-विक्री पाहून ठरवणाऱ्यांसाठी

अमेरिकी शेअर घ्यायचे ठरवल्यावर बरेच जण उबर आणि लिफ्ट या दोन अ‍ॅप-टॅक्सी कंपन्यांत अडकतात आणि ‘अमुक फंडाने इतके शेअर उचलले’ अशा बातम्यांचा आधार शोधतात. मीही तसंच पाहत होतो आणि शेवटी उबर घेतला. धंद्याचे आकडे तुम्हाला ठाऊक असतीलच, म्हणून फक्त फंडांबद्दल बोलतो.

या बातम्या बहुतेक १३-एफ या, मोठ्या फंडांनी अमेरिकी नियामकाकडे भरायच्या तिमाही विवरणातून येतात आणि ते भरायला तिमाही संपल्यावर ४५ दिवस मिळतात. आपल्याकडे बल्क डील (शेअरचा मोठा सौदा) त्याच संध्याकाळी दिसते, त्या सवयीने १३-एफ वाचू नये. बिल अ‍ॅकमन यांच्या पर्शिंग स्क्वेअर या फंडाने जानेवारी २०२५ मध्ये उबर घ्यायला सुरुवात केली. ७ फेब्रुवारीला अ‍ॅकमन यांनीच ३ कोटी ३ लाख शेअर असल्याचं जाहीर केलं आणि भाव त्याच दिवशी उसळला. ते गप्प राहिले असते, तर ही खरेदी मे महिन्यापर्यंत झाकलेली राहू शकली असती.

या बाबतीत लिफ्ट सरस आहे. हिस्सा ५ टक्क्यांवर गेला की १३-डी किंवा १३-जी हे हिस्सा जाहीर करणारं विवरण भरावं लागतं, आणि १३-डी तर कामकाजाच्या पाच दिवसांत. उबरचे शेअर २०० कोटींहून जास्त, लिफ्टचे ४० कोटींच्या आसपास. त्यामुळे लिफ्टमध्ये मध्यम आकाराचा फंडही ती रेषा ओलांडतो आणि लवकर कळतो.

तरीही मला लिफ्ट घेववला नाही, तो मताधिकारामुळे. लोगन ग्रीन आणि जॉन झिमर या संस्थापकांच्या ‘क्लास बी’ शेअरला प्रत्येकी २० मतं होती. २०१९ च्या आयपीओच्या (शेअरच्या पहिल्या सार्वजनिक विक्रीच्या) वेळी त्यांचा हिस्सा थोडा, पण मतं जवळपास निम्मी. मी लिफ्टच्या भागधारकांची यादी वाचायला घ्यायचो आणि दर वेळी इथेच अडायचो: या फंडाने आणखी शेअर घेतले, तर कंपनीत नेमकं काय बदलणार? पटलं नाही तर विकून निघून जाणं, एवढंच त्याच्या हातात. अशा ठिकाणी खरेदीची बातमी वाचून माझा विश्वास वाढेना. ज्याच्याकडे पैसा आहे पण मत नाही, त्याच्या मागे मी का जावं?

उबरमध्ये हे आयपीओआधीच सुटलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूकदार कंपनीचा उबरमधला सौदा पूर्ण झाला, तेव्हापासून एका शेअरला एकच मत. संस्थापक ट्रॅव्हिस कलानिक २०१९ अखेर सगळे शेअर विकून बाहेर पडले. सॉफ्टबँकेने उरलेला हिस्सा एप्रिल ते जुलै २०२२ मध्ये विकला, तोही ४५ डॉलरच्या आयपीओ भावाच्या खाली. पण त्या तिमाहीत सॉफ्टबँकेला स्वतःलाच विक्रमी तोटा झाला होता आणि पैसा उभा करणं भाग होतं, त्यामुळे ती विक्री मी उबरविरुद्ध धरली नाही. तसंच डिसेंबर २०२३ मध्ये उबर एस अँड पी ५०० या निर्देशांकात गेल्यावर इंडेक्स फंडांनी केलेली खरेदीही मी बाजूला ठेवतो. त्यांना ती करावीच लागते.

लिफ्टवर अन्याय नको. २०२५ मध्ये एंजिन कॅपिटल या फंडाने दबाव आणला, मे महिन्यात बायबॅकची (कंपनीने स्वतःचे शेअर परत घेण्याची) मर्यादा ७५ कोटी डॉलरवर गेली आणि ऑगस्टमध्ये दोन्ही संस्थापक संचालक मंडळातून बाहेर पडले. त्यांचे ‘क्लास बी’ शेअरही साध्या शेअरमध्ये बदलायचं ठरलं. माझा मुख्य आक्षेप त्यामुळे निघून गेला आहे, आणि आज नव्याने ठरवणाऱ्याला लिफ्ट पटला तर मी वाद घालणार नाही. फक्त, लिफ्टमधला नवा फंड टिकायला आलाय की एका तिमाहीपुरता, हे मला अजून ओळखता येत नाही. उबरच्या यादीतली मोठी नावं मला त्या मानाने स्थिर वाटतात. पाच-सात वर्षांसाठी पैसे ठेवायचे असतील, तर मी आजही उबरच घेईन. लिफ्ट घेणार असाल, तर १३-एफची वाट न पाहता १३-डीवर लक्ष ठेवा.