दप्तरात लायटर सापडला: धाक की बोलणं?

नववी-दहावीतल्या पोराच्या दप्तरात लायटर सापडला की घरात दोनपैकी एक होतं. एक तर कानाखाली आवाज, मोबाइल जप्त, 'पुन्हा दिसलास तर बघ'. नाहीतर आई-बाबा आधी विचारतात, कुणाबरोबर, कुठे, कधीपासून? (प्रकार तुरळक नाही, २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरताना आढळली.)

धाक लगेच लागू पडतो, हे मान्य. पण सिगारेट सुटतेच असं नाही. पोरगं क्लासच्या वाटेवर टपरीवर सुटी सिगारेट घेतं, वर बडीशेप चघळतं, बोटांना डिओ मारून घरी येतं. धाकाने लपवायची कला तेवढी येते. बाबा स्वतः गॅलरीत ओढत असतील, तर पोरगं त्या धाकाची पत्रासच ठेवत नाही. काही घरांत तर अजूनही 'जा रे, खालून एक पाकीट आण' चालतं! २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे, आणि इथे बापच गिऱ्हाईक धाडतो.

बोलण्याला वेळ लागतो, आणि नुसतं गोड बोलून भागत नाही. घरात कुणीच ओढायचं नाही, पाहुण्यांनीसुद्धा, हा नियम हवाच. बापाने 'मलाही सुटत नाहीये' असं कबूल करून पोरासमोर १८००-११-२३५६ या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्विटलाइनला फोन लावला, तर ते दहा व्याख्यानांना भारी.

माझं मत बोलण्याच्या बाजूने. फक्त आई समजावते आणि बाबा मारतात अशी वाटणी नको. दोघांमधली फट पोरं बरोबर हेरतात.