कॅनव्हास कोरा आहे का, ते आधी बघा

आईचं तैलचित्र स्वतःच्या हातानं करायचं आणि तिच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचं, एवढ्यासाठी मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासला गेले. 'आठ आठवड्यांत क्लासिकल पोर्ट्रेट', फी 22,000 रुपये, रोख. पावती नंतर देतो म्हणाले, ती आजतागायत मिळाली नाही.

सरांनी आईचा फोटो आधीच मागून घेतला. आठवड्यानं हातात कॅनव्हास आला, त्यावर तपकिरी छटेत आईचा चेहरा उमटलेला. "अंडरपेंटिंग मी करून ठेवलंय, तुमचा वेळ वाचला." अंडरपेंटिंग म्हणजे मुख्य रंगांखालचा एकाच छटेतला पहिला थर. चारकोलनं ड्रॉइंग नाही, छायाप्रकाशाचा अभ्यास नाही, थेट गालावर रंग. आठव्या आठवड्यात वार्निशही मारलं. पाहुणे म्हणाले, हुबेहूब!

मग घरी कोऱ्या कॅनव्हासवर बाबांचं चित्र करायला बसले. डोळे एका रेषेत येईनात. तेव्हा पहिल्यांदा मनात शंका आली आणि मी आईचं चित्र भिंतीवरून उतरवलं. चौकटीवर दुमडलेल्या कडेला रंग पोचलाच नव्हता. तिथं आईच्या साडीचा काठ छापलेला होता. भिंगातून निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके स्वच्छ दिसले. फोटोच छापून दिला होता, आणि मी दोन महिने त्यावर रंग चढवत होते.

खरं अंडरपेंटिंग आपल्याच ड्रॉइंगवर, अंबर नावाचा तपकिरी रंग टर्पेंटाइननं पातळ करून होतं. तो थर वाळला की पुढचे, आणि दर थराला तेल थोडं वाढवत न्यायचं, नाहीतर वरचा थर तडकतो. वार्निशला तर सहा महिने तरी थांबतात. माझं घाईचं वार्निश अजून चिकट आहे, आईच्या कपाळावर धूळ बसलीय. ती पुसायला गेले तर रंगच निघतो.

फोन केला तर म्हणाले, "चित्र तुमच्याच हातचं आहे ना?" आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात हे ऐकून घ्यावं लागलं, याचं फार वाईट वाटलं.

तुमच्याकडे कुणी आधी फोटो मागितला, तर पहिल्या दिवशीच सांगा, ड्रॉइंग माझ्यासमोर, कोऱ्या कॅनव्हासवर करून दाखवा. आणि कुठल्या क्लासमध्ये केलेलं चित्र घरी असेल, तर आजच उतरवून त्याची कडा बघा.