धावपटूंचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: नमुना श्वासाचा घ्यावा की रक्ताचा?

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे फ्री रॅडिकल्स (अतिक्रियाशील रेणू) शरीराला आवरण्यापलीकडे वाढल्याने पेशींवर येणारा ताण. प्रबंधाला हा विषय घेणारे नाशिकमधले बरेच विद्यार्थी आधी श्वासाकडेच वळतील. साहजिक आहे. सुई नाही, म्हणून धावपटू कुरकुरत नाहीत, आणि ट्रेडमिलवर दर पाच मिनिटांनी नमुना घेता येतो. फ्री रॅडिकल्समुळे पेशींच्या आवरणातली मेदाम्लं फुटली की ओमेगा-3 पासून इथेन आणि ओमेगा-6 पासून पेंटेन बनतो, आणि दोन्ही वायू उच्छ्वासातून बाहेर पडतात. व्यायामात पेंटेन वाढतो, हे 1978 सालीच दाखवून झालंय.

घोडं अडतं ते मैदानावर. पेंटेन पेट्रोलमध्येही असतो. गोल्फ क्लब मैदानावर ऐन रहदारीच्या वेळी पिशवीत श्वास भरून घेतलात, तर आलेला आकडा धावपटूचा की त्र्यंबक रोडवरच्या गाड्यांचा, हे कोण सांगणार? त्यामुळे आधी काही मिनिटं शुद्ध केलेली हवा द्यावी लागते. शिवाय बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोरात धावताना शंभराच्या आसपास. वायू तितकाच पातळ होतो. म्हणून नुसती तीव्रता बघू नका, दर मिनिटाला एकूण किती बाहेर पडला ते काढा. वर आयसोप्रीनची (श्वासात एरवीही असणाऱ्या दुसऱ्या वायूची) कटकट: जुन्या पद्धतीच्या गॅस क्रोमॅटोग्राफीत (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजण्याच्या तंत्रात) तो पेंटेनमध्ये मिसळून दिसायचा. श्वास गोठवून द्रव गोळा करण्याचीही पद्धत आहे, पण हाती लागतो जेमतेम एक-दोन मिली.

रक्ताचं टीबार्स (मेदाम्लं फुटून बनलेले पदार्थ गुलाबी रंग आणून मोजायची चाचणी) साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती गडद ते मोजणाऱ्या यंत्रावर) होतं, खर्च कमी. मात्र तो गुलाबी रंग इतर पदार्थांमुळेही येतो, त्यामुळे एकट्या टीबार्सवर निष्कर्ष काढू नये. धावल्यावर घामाने प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आटतो आणि काही न घडताही आकडे चढलेले दिसतात. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) घेऊन ती दुरुस्ती करायलाच हवी. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

लघवीतले एफ-2 आयसोप्रोस्टेन (हेही फ्री रॅडिकल्समुळे मेदाम्लांपासूनच बनतात) मला सगळ्यांत भरवशाचे वाटतात. क्रिएटिनिनशी (लघवीतून साधारण एकाच वेगाने बाहेर पडणाऱ्या पदार्थाशी) गुणोत्तर काढलं की पाणी कमी-जास्त प्यायल्याचा फरक जातो. फक्त मिनिटामिनिटाची गोष्ट त्यातून कळत नाही.

तर, धावण्याआधी आणि नंतर एवढीच तुलना असेल तर लघवी, जोडीला रक्त. व्यायाम चालू असतानाचा चढउतार हाच प्रश्न असेल तरच श्वास, तोही प्रयोगशाळेत, मैदानावर नाही. आणि विषय नोंदवण्याआधी गॅस क्रोमॅटोग्राफवर किती दिवस मिळणार, हे संबंधित विभागाकडून लेखी घ्या.